महत्त्वाकांक्षा आणि घरची वाट

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने गतकालाचा गौरव करावा आणि भावी काळास आशीर्वाद द्यावा, असा प्रघात आहे. गौरवाचे काम माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे पार पाडिले आहे. माझ्याकडे ‘कुटुंब’ हा विषय सोपविण्यात आला. त्या अफाट विषयातील एकाच गोष्टीविषयी मी बोलणार आहे, कारण ती आज आपल्या बहुतेक घरांच्या उंबरठ्यावर येऊन उभी आहे. मोठा हेतू मनात धरून घराबाहेर पडलेला तरुण त्या हेतूपायी घरापासून हळूहळू कसा तुटत जातो, त्यात त्याचे व घराचे काय नुकसान होते, आणि आपण त्याविषयी काय करावे, एवढाच माझ्या भाषणाचा आवाका आहे.

ह्या मंडपात नजर फिरविली तर आजोबा-आजी दिसतात, आईबाप दिसतात, कडेवरची बालके दिसतात; वीस ते तीस ह्या वयाची मुले मात्र थोडीच आहेत. ती कोठे आहेत हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोणी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातुरास गेला आहे, कोणी नांदेडास, कोणी छत्रपती संभाजीनगरास. आणि मोठा ओघ पुण्याकडे आहे. तेथे सदाशिव, नारायण, शनिवार ह्या पेठांतून एका खोलीत चार-पाच जण ‘कॉट बेसिस’वर राहून, मेसचे दोन वेळचे जेवण घेऊन, आणि अभ्यासिकेतील एका खुर्चीवर दिवसाचे बारा-बारा तास बसून आपली मुले लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करीत आहेत. जिंतूर, पालम, सोनपेठ, गंगाखेड ह्या तालुक्यांतील कोरडवाहू रानात कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवून हाती काय उरते, हे आपणांस सांगावयास नको. कित्येक घरांतील नवराबायको कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात, मुकादमाची उचल अंगमेहनतीने फेडतात, आणि त्याच उचलीतून पुण्यातील खोलीचे भाडे जाते. अशा घरातील मुलाने अधिकारी होण्याची आकांक्षा धरिली, तर तिला दोष कोण देईल?

मी तर मुळीच देणार नाही. प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यात धन्याने चाकरांच्या हाती रुपये सोपविले, तेव्हा ज्याने ते भूमीत पुरून ठेविले त्याचीच कानउघाडणी झाली. ज्यांनी ते वाढविले त्यांची प्रशंसा झाली. देवाने दिलेली बुद्धी वापरावी, गरिबीतून वर यावे, आपल्या मागून येणाऱ्यांस हात द्यावा, ही इच्छा पवित्र आहे. तेव्हा महत्त्वाकांक्षेविरुद्ध उपदेश करण्यास मी उभा नाही. माझी चिंता निराळी आहे. काही मुले घर सोडून जातात आणि घर मनात घेऊन जातात. काही मुले घर सोडून जातात आणि काही काळाने मनातूनही सोडतात. बाहेरून पाहणाऱ्यास दोघांचा मुक्काम सारखाच दिसतो. परिणाम मात्र फार भिन्न होतात.

हे तुटणे एका दिवसात घडत नाही. पहिल्या वर्षी मुलगा रोज रात्री घरी फोन करितो. मेसच्या भाजीची तक्रार सांगतो, आईला गाईची विचारपूस करितो. दुसऱ्या वर्षी पूर्वपरीक्षा हुकते. तो नाताळास येतो, परंतु पुस्तके घेऊन येतो आणि तिसऱ्या दिवशी परत निघतो. तिसऱ्या वर्षी चुलत बहिणीचे लग्न असते. परीक्षा जवळ आली म्हणून तो येत नाही. घरचे समजून घेतात. चौथ्या वर्षी आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला येत नाही. त्याही वेळी समजून घेतात. पुढे फोन आठवड्यावर जातो, मग महिन्यावर. आणि बोलणे एवढेच उरते की पैसे पोहोचले काय, आणि परीक्षा कधी आहे. मुलाने अमुक दिवशी घराशी संबंध तोडिला, असे म्हणता येत नाही. त्याने दर वेळी थोडे पुढे ढकलिले, इतकेच. “आधी निकाल लागू दे, मग सर्व काही,” असे तो म्हणत राहतो. आणि त्या ‘मग’च्या मागे घर, मित्र, सण, प्रार्थना, प्रकृती ही सर्व रांग लावून उभी राहतात.

निकालाची वाट पाहावयाची ती किती दिवस? राज्यसेवा परीक्षेस खुल्या वर्गातील उमेदवारास ३८ व्या वर्षापर्यंत आणि मागासवर्गीय उमेदवारास ४३ व्या वर्षापर्यंत बसता येते. ही सवलत गरिबांच्या हिताचीच आहे. परंतु जो ‘मग’ म्हणत जगतो, त्यास ती आयुष्यातील उत्तम वर्षे पुढे ढकलण्याची मुभाही देते. शिवाय परीक्षेची तारीख विद्यार्थ्याच्या हाती नसते. १४ मार्च २०२१ रोजी व्हावयाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवस आधी पुढे ढकलण्यात आली, तेव्हा पुण्याच्या रस्त्यांवर उतरलेली हजारो मुले आपण पाहिली. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्वपरीक्षाही ऐन वेळी पुढे गेली. ज्याने आपला सारा जीव एका तारखेस टांगला आहे, त्याची तारीख हलली की त्याच्या पायाखालची भूमीच हलते.

ह्या विषयात मला दोन वाक्ये वारंवार ऐकू येतात. ती एका घरची नाहीत, अनेक घरची आहेत. घरभेटीस गेलो असता बाप म्हणतो, “फादर, आम्ही त्याला फोन करीत न्हाई. उगं अभ्यास मोडंल त्याचा.” आणि त्याच घरचा मुलगा पुण्यात भेटला तर म्हणतो, “फादर, रिकाम्या हातानं घरी कसा जाऊ?” बंधुभगिनींनो, ही दोन्ही वाक्ये प्रेमातून आलेली आहेत. बाप मुलाच्या भल्यासाठी गप्प आहे. मुलगा बापाच्या मानासाठी गप्प आहे. परंतु दोन प्रेमळ माणसांच्या मुकेपणाचा अर्थ दोघेही उलटा लावितात. मुलास वाटते, घरास माझी गरज नाही, माझ्या निकालाची आहे. बापास वाटते, मुलगा शहरचा झाला, त्यास आता आमची लाज वाटते. असा गैरसमज भांडणावाचूनच वाढतो, म्हणून तो मिटविण्याची वेळही कोणास सापडत नाही.

आता आकड्यांकडे पाहू. सन २०२३ च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेस १०,१६,८५० जणांनी अर्ज केले. त्यांतील ५,९२,१४१ जण प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेस बसले. आणि अखेर १,०१६ जणांची शिफारस झाली. म्हणजे परीक्षेस बसलेल्या सुमारे ५८३ जणांमागे एक. त्या एकाचा सत्कार होतो, हारतुऱ्यांसह त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते, आणि ते योग्यच आहे. माझा प्रश्न उरलेल्या ५८२ जणांविषयी आहे. ते आळशी होते काय? त्यांनी रात्री जागविल्या नाहीत काय? जागा एक आणि मागणारे ५८३, असा जेथे हिशोब आहे, तेथे बहुतेकांच्या वाट्यास अपयश येणार हे आधीच ठरलेले असते. तेव्हा अपयशानंतर परत यावयास जागा असणे, ही प्रत्येकाच्या गरजेची गोष्ट आहे. आणि नेमकी तीच जागा ह्या एकाकीपणात नाहीशी होते. कारण ज्याने वर्षानुवर्षे “यश घेऊनच घरी येईन” असे म्हटले, त्याने अपयशाच्या दिवशी घराचे दार स्वतःच्याच हाताने लावून घेतलेले असते. अशा कोंडीत सापडून काही तरुणांनी आपल्या जीवाचा अंत करून घेतला, ह्या वार्ता आपण वाचिल्या आहेत. त्यांचा न्याय करण्याचा अधिकार आपणांस नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचा आणि मागे राहिलेल्यांस सांभाळण्याचा मात्र आहे.

येथे कोणी विद्वान मजला अडवून म्हणेल, “फादर, थोर कार्ये घर सोडिल्यावाचून होतात काय?” आक्षेप विचार करण्यासारखा आहे. म्हणून आपल्याच भाषेतील एका थोर पुरुषाचे उदाहरण घेऊ. धर्मानंद कोसंबी ह्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी झाला. बुद्धचरित्राने त्यांच्या मनास असा वेध लाविला की, सन १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी ह्यांस मागे ठेवून ते ज्ञानाच्या शोधात निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, पुढे सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश असा त्यांचा प्रवास झाला. काशीत त्यांनी अन्नछत्रात जेवून संस्कृतचे अध्ययन केले. सुमारे सात वर्षांनी, १९०६ साली, ते परतले ते पाली भाषेचे पंडित होऊन. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस ग्रंथसंपादनासाठी बोलाविले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. आणि ‘निवेदन’ हे आत्मचरित्र लिहून आपली ही सारी वाटचाल मराठी वाचकांपुढे ठेविली.

ह्या पुरुषाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु त्यांचे उदाहरण देणाऱ्याने ते पुरते द्यावे. पहिली गोष्ट अशी की, त्या सात वर्षांची किंमत एकट्या धर्मानंदांनी दिली नाही. तान्ह्या मुलीला घेऊन मागे राहिलेल्या बाळाबाईंनीही दिली, आणि ग्रंथाच्या मुखपृष्ठावर अशा वाटेकऱ्याचे नाव छापले जात नाही. दुसरी गोष्ट अशी की, धर्मानंद परत आले. विद्या मिळाल्यावर त्यांनी बाळाबाईंशी पुन्हा संसार मांडिला. १९०७ साली त्यांस दामोदर हा पुत्र झाला. पुण्यास अध्यापन करू लागल्यावर कुटुंब तेथे नेले. आणि १९१८ साली पुन्हा अमेरिकेस जाताना माणिक आणि दामोदर ह्या मुलांस बरोबर घेतले. तेच दामोदर पुढे गणिती आणि इतिहाससंशोधक म्हणून जगास ठाऊक झाले. घर सोडून केलेल्या प्रवासात पित्यास विद्या मिळाली. घर सोबत घेऊन केलेल्या प्रवासात त्या विद्येची गोडी पुढील पिढीस लागली. थोरांचे अनुकरण करावयाचे तर त्यांच्या जाण्याचेच करू नये, येण्याचेही करावे.

जे परत येण्याच्या आधीच खचतात त्यांची कथा अधिक दुःखद आहे. तमिळ देशाचे गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन १९१४ साली मद्रासहून जहाजाने निघून इंग्लंडातील केंब्रिज येथे गेले. गणित हा त्यांचा श्वास होता. तेथे त्यांस मोठमोठ्या विद्वानांचा सहवास मिळाला, कीर्ती मिळाली. परंतु त्याच सुमारास महायुद्ध पेटले, शाकाहारी अन्नाची आबाळ झाली, आणि घराशी असलेला धागाही विरत गेला. सासूसुनेच्या बेबनावात पतिपत्नींची पत्रे एकमेकांस पोहोचेनाशी झाली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. ते घरी लिहीनासे झाले. शरीर आजाराने पोखरले, मन निराशेने. आणि १९१८ च्या आरंभी लंडनमध्ये ते मरणाच्या दारापर्यंत जाऊन वाचले. त्याच वर्षी त्यांस रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, म्हणजे विद्वानांतील परमोच्च मान, प्राप्त झाला. २७ मार्च १९१९ रोजी त्यांचे जहाज मुंबईस लागले, तेव्हा बंदरावर आई होती, पत्नी नव्हती. एक वर्षाने, २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आजाराचा दोष मी एकटेपणावर टाकीत नाही. एवढेच म्हणतो की, जगाने दिलेला मान हा घरच्या पत्राची जागा भरून काढू शकला नाही. आणि हेही ध्यानात असू द्या, की त्या पत्रांचा मार्ग घराच्याच बाजूने अडला होता. मुलगा तुटतो तेव्हा दर वेळी मुलानेच तोडिलेले असते असे नाही.

मग एकांत वाईटच काय? तसेही नाही. ज्या परंपरेत मजसारख्यांचे शिक्षण झाले, ती एकांताची थोरवी जाणते. अरण्यात राहून तप करणारे साधू आमच्यात पहिल्या शतकांपासून झाले. परंतु सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट ह्यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली, तेव्हा पहिल्याच अध्यायात एक शहाणपणाची अट घातली. एकांतवास नव्या उमेदीच्या पहिल्या भरात पत्करावयाचा नसतो. दीर्घकाळ बांधवांच्या सहवासात राहून, त्यांच्या मदतीने मनाशी झुंजण्यास शिकलेला मनुष्यच पुढे एकटा झुंजू शकतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. साधूंसाठी जर ही अट, तर एकविसाव्या वर्षी पहिल्यांदाच गाव सोडून आलेल्या पोराने चार भिंतींत एकट्याने झुंजावे, ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करितो?

आणि अंतर हेच संकट असते, तर संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याइतका संकटात कोण होता? स्पेनकडील नवारे प्रांतात जन्मलेले हे संत १५४२ साली गोव्यास आले, तेथून दक्षिण किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान येथवर गेले; आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दाराशी असलेल्या एका बेटावर त्यांनी देह ठेविला. त्यांच्याइतकी तीव्र आकांक्षा क्वचित कोणास असेल. पत्र युरोपास जाऊन उत्तर येण्यास दोन-तीन वर्षे लागत. तरीही ते लिहीत राहिले. इतकेच नव्हे, बांधवांनी पाठविलेल्या पत्रांखालील सह्या कापून घेऊन त्या त्यांनी आपल्या अंगाशी जपून वागविल्या. जगाच्या टोकास एकट्याने उभा असलेला तो मनुष्य आपल्या माणसांची नावे उराशी बाळगून होता. आज आपल्या मुलाचा आवाज परभणीहून पुण्यास पोहोचण्यास क्षणही लागत नाही. तेव्हा अंतराची सबब आपण सांगू नये. अंतर मैलांनी मोजता येते. अबोला मोजावयास मैल पुरत नाहीत.

आता कर्तव्याविषयी. प्रथम आईबापांस माझी विनंती. मुलगा निघतो त्या दिवशी, निकाल लागण्याच्या पुष्कळ आधी, त्यास स्पष्ट शब्दांत सांगा: “तू अधिकारी झालास तर आनंद आहे, नाही झालास तरी हे घर तुझेच आहे.” तुम्ही म्हणाल, हे काय सांगावयाचे असते? ते त्यास कळत नाही काय? बंधूंनो, कळत नाही. एक एकर विकून दिलेले पैसे, गावात झालेली चर्चा, पाहुण्यांनी लग्नात विचारलेला प्रश्न, हे सर्व त्यास रोज काही निराळेच सांगत असते. तुमचे वाक्य त्या गलबल्यावर मात करील इतक्या वेळा उच्चारले गेले पाहिजे. फोन कराल तेव्हा अभ्यासाची चौकशी शेवटी ठेवा, आधी तो जेवला काय ते विचारा. पाऊस कसा झाला, कापसाला बोंडे किती लागली, दुधनेला पाणी किती आले, धाकटीने शाळेत काय पराक्रम केला, हे त्यास सांगा. आपल्यावाचूनही घर चालले आहे आणि तरी आपली जागा तेथे राखलेली आहे, हे त्यास अशाच साध्या गोष्टींतून कळते. आणि कर्ज झाले असेल तर तेही खरे सांगा. लपविलेले कर्ज आणि लपविलेला निकाल ही दोन्ही एकाच वंशाची आहेत.

एक गोष्ट आईबाप बहुधा विसरतात. ती म्हणजे घरी राहिलेले भावंड. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ दाराबाहेर रुसून उभा राहिला, हे आपण दरवर्षी ऐकतो. आपल्या घरीही एकाच्या शिक्षणापायी दुसऱ्याची शाळा सुटलेली असते, बहिणीचे लग्न लांबलेले असते, आणि रानात राबणारा भाऊ मनातल्या मनात हिशोब मांडीत असतो. त्याचा त्याग उघड बोलून दाखवा, त्याचे आभार माना. नाहीतर बाहेर गेलेला मुलगा परत आला तरी दार उघडण्यास घरात कोणी उत्सुक असणार नाही.

आता मुलांनो आणि मुलींनो, तुम्हांस. तुमच्यापैकी जे थोडे आज सुट्टी काढून आले आहेत, त्यांनी हे पुण्यातील सोबत्यांस सांगावे. पहिले: किती वर्षे आणि किती प्रयत्न, हे आरंभीच घरच्यांसमोर बसून ठरवा, आणि ते ठरल्यावर दुसरी वाटही त्याच बैठकीत ठरवा. दुसरी वाट ठेवणे हा भित्रेपणा नव्हे. विहीर खणणारा गडी दोर कमरेस बांधूनच खाली उतरतो. दुसरे: आठवड्यातून एकदा घरी बोला, आणि वाईट बातमी असेल तर त्याच दिवशी बोला. तिसरे: वर्षातून निदान दोनदा घरी या, आणि आलात तर पुस्तके मिटून ठेवा, एक दिवस बापाबरोबर रानात जा. त्या दिवसाने तुमची जागा जाणार नाही. चौथे: आकांक्षेने तुमची झोप, जेवण, प्रार्थना आणि माणसे ही चारही मागितली, तर समजा की ती आता चाकर राहिली नाही, धनीण झाली आहे. पाचवे: मन फारच अंधारले, जगणे नको वाटू लागले, तर कोणाशी तरी त्याच क्षणी बोला. घरी बोलण्याचा धीर नसेल तर मजशी बोला. मजशी नको तर सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ ह्या क्रमांकावर बोला. तेथे रात्रंदिवस विनामूल्य ऐकून घेतात. वैद्याकडे जाण्यात जशी लाज नाही तशी ह्यातही नाही.

शेवटी धर्मग्राम म्हणून आपले कर्तव्य. आपल्या जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. परंपरा अशी सांगते की, लहानपणीच ती पोर पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि त्या घरचीच झाली. त्याच घरात नामदेव वाढले. आपले घर सुटलेल्या मुलीस दुसऱ्या घराने पोटाशी धरिले, म्हणून तिची वाणी फुलली. पुण्यात, लातुरात गेलेल्या आपल्या मुलांसही असे एखादे घर हवे. प्रत्येक मुलाचे नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयात असावा. तेथील धर्मग्रामास आपण कळवावे. आपल्यापैकी जे त्या शहरी स्थायिक झाले आहेत त्यांनी महिन्यातून एकदा एका मुलास घरी जेवावयास बोलवावे. आणि जो परत येईल, त्यास चौकात उभे करून “काय झाले रे तुझ्या परीक्षेचे?” असे कोणी विचारू नये. आठ वर्षे राज्यघटना, अर्थशास्त्र आणि इतिहास वाचलेला तरुण गावी परतला, तर तो वाया गेला असे म्हणण्याइतके आपण श्रीमंत नाही. त्याच्या हाती शाळेतील मुले द्या, ग्रामपंचायतीचे कागद द्या, सहकारी संस्थेचे हिशोब द्या.

आपल्या परभणीविषयी एक जुनी म्हण आहे: बनी तो बनी, नहीं तो परभणी. परगावचे लोक ती हसून म्हणतात आणि आपणही खाली मान घालून ऐकतो, जणू काही परभणी म्हणजे ज्याचे काही जमले नाही त्याची शेवटची जागा. मला तर ह्या म्हणीत घराची ह्याहून उत्तम व्याख्या आढळत नाही. जमले तर जमले. नाही जमले तर परभणी आहे! जिच्या भरवशावर मनुष्य मोठा डाव खेळू शकतो, अशी एक जागा ज्याच्यापाशी आहे तो दरिद्री कसा? उधळ्या पुत्राच्या बापाने दुरून मुलास पाहिले, तेव्हा त्याने काय मिळविले आणि काय गमाविले हे विचारले नाही. तो धावत सुटला. मुलाने पाठ करून आणिलेले क्षमेचे भाषणही त्याने पुरते होऊ दिले नाही. दाखल्यात एक गोष्ट शब्दांत सांगितलेली नाही, परंतु ती स्पष्ट आहे: मूल दूर असतानाच दिसले, ह्याचा अर्थ बाप रोज वाटेकडे पाहत होता.

आपल्या धर्मग्रामाच्या पुढील पंचवीस वर्षांत आपल्या मुलांपैकी पुष्कळ जण मोठ्या पदांवर जावोत, ही माझी प्रार्थना आहे. आणि त्यांतील एकाही मुलास पदावाचून घरी येण्याची भीती वाटू नये, ही तिच्याहून मोठी प्रार्थना आहे. आज रात्री घरी गेल्यावर, जेवण्यापूर्वी, दूर असलेल्या आपल्या मुलास एक फोन करा. आणि परीक्षेविषयी एक शब्दही काढू नका.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वादित करो.